फारिनाता: घरच्या ओव्हनपासून लाकडाच्या भट्टीपर्यंत – कामाच्या नोंदी

फारिनाता म्हणजे इथला, इटलीतल्या जेनोवाचा, भट्टीत भाजलेला पातळ धिरड्यासारखा पदार्थ. त्यात चारच जिन्नस: छोल्यांचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. कल्हई केलेल्या तांब्याच्या पसरट थाळ्यात पातळ ओतायचं आणि पेटत्या भट्टीत ढकलायचं. त्या थाळ्याला इथे ‘तेस्तो’ म्हणतात. जेनोवात जुन्या बंदरासमोर सोत्तोरिपाच्या कमानी आहेत, बाराव्या शतकातल्या. त्यांच्याखाली आणि मागच्या अरुंद गल्ल्यांत तळण-भाजणाची छोटी दुकानं आहेत, स्थानिक बोलीत ‘शामाद्दा’. तिथे फारिनाता वेडावाकडा तोडून जाड पिवळट कागदावर देतात, वर मिरी दळतात, आणि लोक फुंकर मारत, बोटं भाजून घेत, खात खात पुढे जातात.

इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून ‘बेसनाचंच तर आहे, त्यात काय’ म्हणून दोघी-तिघींनी करून पाहिलं आणि सोडून दिलं. मीही तेच म्हणायचे. आता करायलाच लागणार आहे, कारण मुलीच्या वर्गातल्या एका कुटुंबाच्या गावी, डोंगरात, ९ नोव्हेंबरला चेस्टनट भाजायचा कार्यक्रम आहे आणि तिथल्या लाकडाच्या भट्टीवर फारिनाता करीन असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलेय. समोसे आणाल का, असं कोणीतरी विचारल्यावर रागाच्या भरात बोलले ते. नवरा जहाजावर, त्यामुळे थांबवायला घरी कोणी नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

वीआ दि प्रे या रस्त्यावरच्या दुकानातून बेसन आणलं. २५० ग्रॅम बेसन, ७५० मिलिलिटर पाणी, मीठ, दोन चमचे तेल. घरात असलेल्या २४ सेंटिमीटरच्या नॉनस्टिक केकच्या भांड्यात ओतलं, २०० अंशांवर पाऊण तास.

वरून भेगा, आतून ओलसर, आणि कच्च्या बेसनाचा वास. खोबरं-कोथिंबीर भुरभुरली असती तर पाटवडी म्हणून खपलं असतं. मुलीने तेच केलं आणि खाऊन टाकलं.

दोन गोष्टी उघड चुकल्या. एक म्हणजे जाडी: थर दोन सेंटिमीटरचा झाला होता. दुकानातला भाजल्यावर एक सेंटिमीटरही भरत नाही. दुसरं पीठ. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, इथलं पीठ काबुली छोल्यांचं. त्याच मापाच्या पाण्यात बेसन जास्त घट्ट झालं आणि त्याचा उग्रपणा कमी तेलात लपला नाही. बेसनाने अजिबात जमणार नाही असं नाही, पण पहिल्याच खेपेला आणखी एक भानगड कशाला?

५ ऑक्टोबर, रविवार

सुपरमार्केटमधून ‘फारिना दि चेची’, म्हणजे छोल्यांचं पीठ, आणलं, अर्धा किलो, २ युरो १० सेंट. गुठळ्या नकोत म्हणून मिक्सरमधून फिरवलं. गुठळ्या गेल्या, पण बोटभर फेस आला. दोन तास ठेवून तसंच भाजलं. फेस वर जळून काळे डाग पडले आणि ते कडू लागले.

खालच्या मजल्यावरच्या आजी जळकट वासाने वर आल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, जन्म याच गल्लीतला. त्यांनी थाळी पाहिली आणि विचारलं, “सिन्योरा, फेस काढला नाहीत?” मी म्हटलं, फेसाने हलकं होईल असं वाटलं. “हलकं कशाला व्हायला हवंय? केक आहे का तो?” मग त्यांनी पद्धत सांगितली: सकाळी कालवायचं, संध्याकाळी भाजायचं, मध्ये येता-जाता फेस काढत राहायचं.

तेव्हापासून पक्कं केलेलं: पीठ चाळून घ्यायचं, आधी थोड्या पाण्यात हाताने सरसरीत करायचं, मग बाकीचं पाणी. मिक्सर नको. मीठ तेव्हाच. बाहेरच, झाकून, सहा ते आठ तास. फेस झाऱ्याने काढायचा. ओतायच्या आधी तळापासून ढवळायचं, कारण पीठ खाली बसतं आणि न ढवळता ओतलं तर वरचं नुसतं पाणीच थाळीत जातं. पीठ फार पातळ झालं असं वाटून शेवटच्या क्षणी मूठभर पीठ घालायचा मोह होतो. घालू नका. तेवढं पातळच असतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

जाडीचा हिशेब आधी कागदावर केला. थाळी ३२ सेंटिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ८०० चौरस सेंटिमीटर. थर सहा मिलिमीटरचा हवा तर एकूण जेमतेम अर्धा लिटर मिश्रण. त्याला १२५ ग्रॅम पीठ, ३७५ मिलिलिटर पाणी, ४ ग्रॅम मीठ, ४५ मिलिलिटर तेल. एवढ्या मोठ्या थाळीला एवढंसंच पीठ पाहून हात थरथरतो, पण माप बरोबर आहे.

थाळी मात्र स्वस्तातली ॲल्युमिनियमची, पिझ्झ्याची, पातळ पत्र्याची. ओव्हन २५० अंश. चौथ्या-पाचव्या मिनिटाला आतून ‘ठण्’ असा आवाज आला. पत्रा तापून पिळवटला, एक कड वर उचलली गेली, आणि अर्धं मिश्रण ओव्हनच्या तळावर. धूर, उघड्या खिडक्या, आणि नंतर तासभर खरवडणं.

थाळीत जे उरलं होतं त्याची कड मात्र कुरकुरीत, सोनेरी, आत मऊ. तेवढ्या चार घासांत दुकानातली चव पहिल्यांदा लागली. म्हणजे माप आणि आच बरोबर, भांडं चूक.

ज्यांना तांब्याच्या फंदात पडायचं नाही त्यांनी निळसर लोखंडी पत्र्याचा जाड ट्रे घ्यावा, फोकाच्या या सपाट पावासाठी मिळतो तो. ओळखीच्या एका घरी त्याच्यावर उत्तम निघतो. नॉनस्टिक २५० अंशांवर वापरू नका, त्याचा थर एवढ्या आचेसाठी नसतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

जुन्या बाजारात तेस्तो मिळाला. तांब्याचा, ३२ सेंटिमीटर, कड दोन बोटं उंच, टांगायला कडी. ४० सांगितले, २५ युरोला दिला. आतली कल्हई दोन ठिकाणी नाण्याएवढी उडालेली, खालचं लाल तांबं दिसत होतं. तळ मध्ये किंचित फुगलेला. हे दोन्ही दोष दिसत असूनही ‘चालेल’ म्हणून घेतला. बाहेरून लिंबू-मीठ लावून लख्ख केला. त्यात दुपार गेली आणि त्याचा भाजण्याशी काडीचा संबंध नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आजचं नुकसान सगळ्यात महाग. तवा तापल्याशिवाय धिरडं टाकायचं नसतं, ही हाताची सवय. त्या सवयीने तेस्तो रिकामा ओव्हनमध्ये ठेवला, २५० अंश, पंधरा मिनिटं. दार उघडलं तर आतला चंदेरी थर जागेवर नव्हता. त्याचे थेंब झाले होते, मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, आणि थाळा कलता केला की पाऱ्यासारखे पळत होते. कथील २३२ अंशांना वितळतं. हे मला ठाऊक होतं, गल्लीतल्या कल्हईवाल्याला लहानपणी तासन्‌तास पाहिलंय. पण ओव्हनचा काटा आणि ते ज्ञान डोक्यात एकत्र आले नाहीत.

मग लाकडाच्या भट्टीत तीनशेच्या वर आच असताना दुकानदारांच्या थाळ्यांची कल्हई कशी टिकते? ते रिकामा थाळा आत ठेवतच नाहीत. आधी तेल, मग मिश्रण, मग भट्टी. मिश्रणातलं पाणी उकळत असेपर्यंत थाळ्याचा आतला पृष्ठभाग तेवढा तापत नाही.

कालवलेलं पीठ तयार होतं आणि भांडं नव्हतं. आजींनी ते वाया जाऊ दिलं नाही. त्याच मिश्रणाचा पानिस्सा करा म्हणाल्या: जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, सतत ढवळत, कडा सोडेपर्यंत शिजवायचं, तेल लावलेल्या बशीत ओतायचं, गार झाल्यावर बोटाएवढे तुकडे करून तळायचे. पाण्याचं प्रमाण एकास तीन, फारिनात्याचंच, त्यामुळे काही बदलावं लागत नाही. शिजायला मला चाळीस मिनिटं लागली आणि ढवळणारा हात भरून आला. कागदाच्या कोनात घालून, वर मीठ टाकून खायचा हा दुसरा प्रकार, खरं तर मला फारिनात्याहून जास्त आवडला. साव्होनाला याच तुकड्या छोट्या पावात भरून देतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बंदरामागच्या एका गल्लीत भांड्यांना कल्हई करणारा एक म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडे थाळा नेला. हातात घेताच म्हणाला, “रिकामा तापवलात.” प्रश्न नव्हता तो.

थांबून पाहू का विचारलं, तर स्टूल दिलं. पहिल्यांदा लाकडी मोगरीने तळाचा फुगा बसवला. सपाट लोखंडी पाटावर थाळा उलटा, एक ठोका, मग पट्टी लावून उजेड कुठून दिसतो ते पाहणं, पुन्हा ठोका. मग आम्लाने आतून धुतला. गॅसच्या रुंद बर्नरवर धरला, चिमूटभर पांढरी भुकटी टाकली, आणि जो धूर निघाला तो नाकात जाताच मी म्हटलं, नवसागर. त्याला तो शब्द कळायचं कारण नव्हतं, पण भुकटीची बरणी त्याने वास घ्यायला पुढे केली. कथलाची कांडी तापलेल्या तांब्यावर टेकवली, ती लोण्यासारखी पसरली, आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात गोल फिरवून सगळीकडे सारखी केली. भाता सोडला तर कऱ्हाडच्या आमच्या गल्लीत व्हायचं तेच. बोळा फिरवताना मनगट एकदाही थांबलं नाही. थांबलं तर तिथे जाड रेघ उमटते, असं त्याने मला एका जुन्या भांड्यावर दाखवलं.

४५ युरो झाले, ठोकाठोकीसह. नवा ३२ सेंटिमीटरचा थाळा याहून फार महाग नसता पडला, हे लिहून ठेवते. जुना बाजार स्वस्त असतो, त्यात कल्हईचा खर्च मिळवला नाही तर.

निघताना त्याने बजावलं: तारेची घासणी लावायची नाही, रिकामा विस्तवावर नाही, आणि पहिला फारिनाता पाहुण्यांना द्यायचा नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पहिला फारिनाता पाहुण्यांना दिला नाही ते बरं झालं. दोन अडचणी आल्या.

एक, चिकटला. तेल ४५ मिलिलिटर मोजलं होतं, पण ओतताना ‘एवढं कशाला’ म्हणून निम्मंच टाकलं. तेल तळ झाकून वर हलायला हवं इतकं लागतं, मग त्यावर मिश्रण, आणि लगेच लाकडी चमच्याने ढवळायचं, तेलाचे डोळे वर दिसेपर्यंत. ते ढवळणं सोडू नका. न ढवळलेलं तेल कडेला गोळा होतं आणि मध्ये पीठ तळाला धरतं.

दोन, एक बाजू जळाली आणि समोरची ओली राहिली. आधी ओव्हनला दोष दिला, मग मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी ओल्या बाजूला उभी खुपसली: तिथे सेंटिमीटरभर, जळक्या बाजूला तीन मिलिमीटर. घर जुनं, जमीन समुद्राकडे उतरती. एरवी भाजी-केकला हे कळत नाही. सहा मिलिमीटरच्या पाण्यासारख्या थराला लगेच कळतं.

हार्डवेअरच्या दुकानातून छोटी स्पिरिट लेव्हल, ६ युरो. ओव्हन भिंतीत बसवलेला, म्हणून पाय हलवता येत नव्हते. जाळीच्या मागच्या डाव्या टोकाखाली ॲल्युमिनियम फॉइलची घडी करून ठेवली. लेव्हल नसेल तर सोपा उपाय: थंड ओव्हनमध्ये थाळा ठेवायचा, त्यात भांडंभर पाणी ओतायचं आणि कडेपर्यंत चारही बाजूंना सारखं पोचतंय का ते पाहायचं. आता मी हेच करते. लेव्हल जाळी मोजते, पाणी थाळ्याचा तळ मोजतं, आणि आपल्याला तळाशी मतलब.

२६ ऑक्टोबर, रविवार

थाळा सरळ, तेल पुरेसं. अकराव्या मिनिटाला घरभर अंधार. इथे घरगुती जोडणी साधारणपणे तीन किलोवॉटची असते. ओव्हन २५० वर, वॉशिंग मशीन चालू, आणि मी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली. मीटर तळमजल्यावर. चार मजले उतरून बटण वर करून येईपर्यंत फारिनाता फिका आणि चिवट. खाल्ला. भाजताना ओव्हनखेरीज काहीही लावायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांना तसं आधी सांगायचं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज जमला. थाळा सगळ्यात खालच्या फळीवर, फक्त खालची आच, २५० अंश, अकरा मिनिटं. तळ बसला, वरून अजून फिका. मग वरच्या फळीवर, ग्रिल पूर्ण, चार ते पाच मिनिटं, दारासमोरून न हलता. वर तपकिरी ठिपके पडले, कड थाळ्यापासून सुटली, हलवल्यावर सगळा गोल एकसंध सरकला. बाहेर काढून दोन मिनिटं थांबून पसरट उलथन्याने तोडला, मिरी दळली.

आजींना कागदावर नेऊन दिला. त्यांनी आधी तुकड्याची खालची बाजू पाहिली, मग खाल्ला. “हा खाण्यासारखा आहे,” म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला. त्या खुशीत त्यांनी १२८४ ची गोष्टही सांगितली: मेलोरियाच्या लढाईत जेनोवाने पिसाचा पराभव केला, परतताना वादळात जहाजावरची छोल्यांच्या पिठाची आणि तेलाची पिंपं फुटली, समुद्राच्या पाण्यात सगळं कालवलं गेलं, उपाशी खलाशांनी ते उन्हात वाळवून खाल्लं आणि हरलेल्यांना चिडवायला त्याला ‘पिसाचं सोनं’ म्हटलं. गोष्ट गोड आहे, पण उन्हात वाळवलेलं ते मिश्रण कसं लागेल हे ४ ऑक्टोबरपासून मला चांगलं ठाऊक आहे. चिडवलेल्या पिसाने मनावर घेतलं नसावं; तिथे हेच ‘चेचिना’ नावाने खातात. लिव्होर्नोत पावात घालून ‘पाच आणि पाच’ म्हणून मागतात, पूर्वी पाच सेंटचा पाव आणि पाच सेंटचा हा, म्हणून. सीमेपलीकडे नीसमध्ये ‘सोक्का’, सार्डिनियात सास्सारीला ‘फाइने’, आणि इथून जहाजं भरभरून गेलेल्या लोकांमुळे ब्युनॉस आयर्सला पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून.

तेलाबद्दल: स्वस्त तेल आणि इथलं ताज्जास्का ऑलिव्हचं तेल, दोन्ही वापरून पाहिली. चारच जिन्नस असल्यावर फरक लपत नाही. चांगलं तेल १६ युरो लिटर पडलं. एका थाळ्याला ४५ मिलिलिटर म्हणजे सत्तर सेंटच्या आसपास. तिथे काटकसर नको.

८ नोव्हेंबर, शनिवार

गावी, त्रेब्बिया नदीच्या खोऱ्यात, एक दिवस आधी. अंगणातली विटांची भट्टी आणि त्यांच्या आजोबांचा ६० सेंटिमीटरचा तेस्तो. थाळा साडेतीन पटींनी मोठा, म्हणून ४४० ग्रॅम पीठ, १,३२० मिलिलिटर पाणी, १४ ग्रॅम मीठ, १६० मिलिलिटर तेल.

घरी शिकलेलं इथे निम्मंच उपयोगी पडलं. भरलेला थाळा उचलून भट्टीकडे निघाले आणि चार पावलांत बाही भिजली. एवढ्या मोठ्या थाळ्यातलं पातळ मिश्रण एका बाजूला गेलं की परत आणता येत नाही. दुसऱ्या खेपेला रिकामा थाळा भट्टीच्या तोंडाशी लांब दांड्याच्या फळीवर ठेवला, तिथेच तेल, तिथेच पळीने मिश्रण, तिथेच ढवळणं, आणि लगेच आत. दुकानदारांना हेच करताना कितीदा पाहिलंय, पण का करतात ते बाही भिजल्यावर समजलं.

मग तळ जळाला. भट्टी दोन तास पेटवली होती, फरशी लालबुंद तापलेली, वरची कमान मात्र तेवढी नाही. पाच मिनिटांत खाली कोळसा, वर पांढरं. घरमालकाने उपाय सांगितला: निखारे आणि जाळ डाव्या अंगाला लोटायचे, काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने फरशी पुसायची, मग चिमूटभर पीठ टाकून पाहायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, हळूहळू तपकिरी झालं तर थाळा घालायचा. आणि वर रंग यायला निखारे पुरत नाहीत, जिवंत ज्वाळा लागते. थाळा आत गेला की बारीक फोडलेलं वाळकं लाकूड जाळावर टाकायचं, ज्वाळा कमानीला लागून थाळ्यावरून वाहायला हवी. चेस्टनटचं लाकूड ढिगाने होतं, पण ते तडतडून ठिणग्या उडवतं आणि थाळ्यात राख पडते. बीच आणि ओक वेगळं काढलं.

अर्ध्यात थाळा फिरवायचा, कारण जाळाकडची बाजू पुढे धावते. मी पहिल्यांदा फार लवकर फिरवला, मधलं अजून पातळ होतं आणि लाट आली. कड सुटलेली दिसल्याशिवाय हात लावू नका.

पानिस्सासाठी पीठ मुद्दाम जास्त कालवून नेलं होतं. फसलं तर तळण. हा भरवसा असल्याने डोकं शांत राहिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पीठ पहाटे साडेपाचला कालवलं. थंडी असल्याने फेस कमी आला. वारा उत्तरेचा होता, आणि घरमालकाच्या मते फारिनात्याला तोच लागतो. दक्षिणेचा दमट वारा असला की भट्टी ओढत नाही. जाळ खरोखरच कालच्यापेक्षा उंच उठत होता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

थाळा आत गेल्यापासून नऊ-दहा मिनिटं. एका थाळ्यात बारा-चौदा जणांना पुरेल एवढा. एक निघेपर्यंत लोक रांगेत, आणि दुसरा भरायच्या आत फरशी पुन्हा तापलेली. प्रत्येक थाळ्याआधी पुसणं आणि पीठ टाकून पाहणं चुकलं नाही, तोपर्यंत ठीक चाललं. घाईत एकदा चुकलं, तो थाळा तळाशी काळा निघाला; वरचा थर उलथन्याने सोलून दिला, लोकांनी तोही घेतला. मिरीची चक्की घरून न्यायची राहिली होती आणि गावात दळलेली जुनी पूड मिळाली. ती वासाला काहीच नव्हती.

समोशांबद्दल कोणी विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हिशेब. थाळा २५, कल्हई ४५, लेव्हल ६, वाया गेलेली ॲल्युमिनियमची थाळी ५, म्हणजे ८१ युरो, पीठ-तेल वेगळं. पहिल्यापासून लोखंडी जाड ट्रे घेतला असता तर वीसच्या आत आटपलं असतं. तांब्याने तळ जास्त सारखा भाजतो, पण तेवढ्यासाठी साठ युरो घालायचे का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पुन्हा घातले असते, पण त्यात हौस आहे.

थाळा वापरून झाल्यावर कोमट पाण्याने, मऊ कापडाने पुसते. चिकटलेलं असेल तर पाणी घालून रात्रभर ठेवते, खरवडत नाही. कोरडा करून तेलाचं बोट फिरवते. आतून लाल तांबं दिसू लागलं की वापरायचा बंद आणि पुन्हा कारागिराकडे.

आज वर कांद्याची पात चिरून टाकली. पात धुवून ओलीच टाकली तर तिथे तिथे थर बसत नाही, खड्डे पडतात. कापडात दाबून कोरडी करायची आणि थाळा ओव्हनमध्ये जायच्या अगदी आधी भुरभुरायची. रोजमेरी टाकली तर ती मिश्रणात ढवळावी, वर राहिली की जळते. आजींना यातलं काही सांगू नका, त्यांच्या मते मिरीसुद्धा ऐच्छिक आहे.